परवच्यापासून प्रगतिपुस्तकापर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संध्याकाळी मूल शाळेतून घरी येते. दप्तर एका कोपऱ्यात, चपला दुसऱ्या कोपऱ्यात. आई विचारते, "आज शाळेत काय शिकवलं?" आणि उत्तर मिळते, "काही नाही." हा संवाद महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात, कुठल्याही संध्याकाळी ऐकू येईल. आता पाच-सहा तास मूल जिथे बसून आले, तिथे 'काही नाही' असे कसे होईल? पुष्कळ काही झालेले असते. वजाबाकीत हातचा घ्यायला शिकवलेले असते, पावसाची कविता म्हणून झालेली असते, करवंटीत मूग पेरून झालेले असतात. पण हे सारे वर्गातून घरापर्यंत पोचत नाही. वाटेतच कुठेतरी सांडते.

तक्रार आजची वाटते, पण तिला मोठा इतिहास आहे. वर्गात काय चालले आहे हे घराला कळावे कसे, त्याने ते कुणाच्या तोंडून ऐकावे, आणि मुख्य म्हणजे ज्या घरात कुणालाच वाचता येत नाही त्या घराने काय करावे, या प्रश्नांची उत्तरे आपल्याकडे वेगवेगळ्या काळात वेगवेगळी दिली गेली. ती उत्तरे एकापुढे एक मांडून पाहिली, तर आजच्या शाळेलाही त्यातून काही घेता येईल.

ओसरीवरची शाळा

पेशवाई १८१८ मध्ये संपली. त्यानंतर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना सरकारने जिल्ह्याजिल्ह्यातून गावच्या शाळांची माहिती मागवली. तेव्हा ज्या शाळा कागदावर आल्या, त्या पंतोजींच्या. त्यांना इमारत नव्हती. देवळाचा सभामंडप, एखाद्या वाड्याची ओसरी, नाही तर पंतोजींचे स्वतःचे घर, हीच शाळा. दहा-पंधरा मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवायची. पुढे बोरू हातात यायचा, मोडी वळण यायचे, जुनी पत्रे वाचायचा सराव व्हायचा. आणि सगळ्यात मोठा भाग पाठांतराचा. पाढे, आणि नुसते पाढे नव्हेत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. अपूर्णांकांचे हे पाढे बाजारहाटाला आणि सावकाराच्या हिशेबाला रोज उपयोगी पडणारे होते.

या शाळेला भिंती नसल्यासारख्याच होत्या. रस्त्याने जाणाऱ्याला आतले सगळे ऐकू यायचे. आपला मुलगा कुठवर आला आहे, हे बापाला विचारावे लागत नसे, ते कानावर पडत असे. शिवाय दिवेलागणीला घरी परवचा असे. हातपाय धुऊन मूल देवापुढे बसले की पाढे, तिथी, महिने, नक्षत्रे, स्तोत्रे ओळीने म्हणून दाखवायचे. परवचा हे त्या काळचे रोजचे प्रगतिपुस्तकच होते. गंमत अशी की ते तपासायला साक्षर असण्याची गरज नव्हती. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ऐकून ऐकून पाढे पाठ असायचे. नातवाने सतरा साते चुकवले की ती चुलीपाशी बसूनच टोकायची.

या शाळेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. छडी होती, अर्थ न कळता घोकणे होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ही ओसरी सगळ्यांची नव्हती. मुली तिथे जवळजवळ नव्हत्याच, आणि अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांना तर तिथे पायरीही चढता येत नव्हती. शाळेचा आवाज त्यांच्या वस्तीपर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. पण ज्यांची मुले आत होती, त्यांना आत काय चालते ते कळत होते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवून पुढे जाऊ.

सगळ्यांदेखत परीक्षा

ज्यांना ओसरी बंद होती, त्यांच्यासाठी पुण्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शाळा सुरू केली, हे आपण सारे जाणतो. भिडेवाड्यातल्या त्या मुलींच्या शाळेनंतर आणखी शाळा निघाल्या, महार-मांग मुलांसाठीही निघाल्या. या शाळांना एक अडचण होती, जी पंतोजींना कधी आली नव्हती. मुलगी शिकून काय होणार, शिकू शकते तरी का, असे गावच विचारत होते. विरोध नुसता बाहेरून नव्हता. मुलीला पाठवणाऱ्या घरातही धाकधूक होती.

त्यावर उपाय होता जाहीर परीक्षेचा. त्या काळात शाळांच्या वार्षिक परीक्षा प्रतिष्ठित मंडळींसमोर घेण्याची पद्धत होती. फेब्रुवारी १८५३ मध्ये पुण्यात या मुलींच्या शाळांची अशी परीक्षा झाली, तेव्हा ती पाहायला प्रचंड गर्दी लोटली. मुली उभ्या राहून वाचत होत्या, प्रश्नांची उत्तरे देत होत्या. कुणी काहीही सांगितले असते, तरी विश्वास बसला नसता. डोळ्यांनी पाहिल्यावर नाकारता येईना.

याच शाळांतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या विद्यार्थिनीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आज आपण तो स्त्रियांच्या आणि दलितांच्या लेखनाच्या इतिहासात वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण तो एका शाळकरी मुलीचा निबंध होता, हेही विसरू नये. वर्गात मुले काय शिकली याचा याहून बोलका पुरावा कुठल्या शाळेने बाहेर पाठवला असेल?

दिपोटी येणार!

याच सुमारास सरकारी शिक्षणाची घडी बसत होती. १८५४ चा वूडचा खलिता आला, १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले. इयत्ता ठरल्या, क्रमिक पुस्तके ठरली, तपासणीसाठी इन्स्पेक्टर आणि डेप्युटी इन्स्पेक्टर नेमले गेले. खेड्यातल्या लोकांनी या डेप्युटीचा 'दिपोटी' केला. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जायची, मुलांना धुतलेले सदरे घालून बसवले जायचे, आणि मास्तरांच्या पोटात गोळा यायचा.

हजेरीपट, जनरल रजिस्टर आणि शेरेबुक या तीन वह्या शाळेत अवतरल्या. शाळेची सगळी हकीकत त्यांत लिहिली जाऊ लागली. पण ती कुणासाठी? साहेबासाठी. खासगी अनुदानित शाळांना तर 'निकालावर अनुदान' ही पद्धत लागू झाली. तपासणीत जितकी मुले पास, तितके पैसे. लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावात, ही पद्धत नापसंत ठरवली गेली. पण तोवर शाळेला वर पाहून उत्तर द्यायची सवय जडून गेली होती. पंतोजींची रोजीरोटी गावावर होती; दिलेले धान्य आणि सणाचा शिधा यांवर ते जगत. म्हणून मुलाच्या बापाला उत्तर देणे त्यांना भाग होते. नव्या मास्तरांचा पगार खजिन्यातून यायचा आणि बढती शेऱ्यावर ठरायची. मास्तर वाईट नव्हते. त्यांचे तोंड कुणाकडे असावे, हे व्यवस्थेनेच ठरवून टाकले होते.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी नेमके या दुखण्यावर बोट ठेवले. प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, लोकांत मोकळेपणी मिसळणारे असावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ धरणारे किंवा सुताराचे हत्यार चालवणारे असावेत, असे त्यांनी मांडले. यात नुसती नोकऱ्यांची मागणी नाही. ज्या मास्तरांशी बांधावर दोन शब्द बोलता येतात, त्यांनाच बाप विचारू शकतो, "आमचं पोरगं कसं काय करतंय?" पांढऱ्या कपड्यातल्या, लांबून बोलणाऱ्या मास्तरांना विचारायला तो धजत नाही. शाळा आणि घर यांच्यातली दरी अंतराची नसून मानाची आहे, हे जोतीरावांना तेव्हाच दिसले होते.

पहिला निरोप दंडाचा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेचा निरोप प्रथमच सरसकट सगळ्या घरांकडे निघाला. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. दोन्ही राजे काळाच्या पुढे होते. गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ साली ब्रिटिश सरकारने मंजूर होऊ दिले नाही, हे आठवले की या निर्णयांचे मोल कळते.

पण पालकाच्या बाजूने पाहा. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला शाळेने उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याला शाळेकडून आलेला पहिला निरोप होता, "मूल पाठव, नाही तर दंड भर." तो निरोप गरजेचा होता, यात शंका नाही. मात्र मूल शाळेत गेल्यावर तिथे काय शिकते, हे सांगणारा दुसरा निरोप त्याच्यामागून यायला फार वर्षे लागली.

सही, नाही तर अंगठा

स्वातंत्र्य आले तेव्हा परिस्थिती काय होती? १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षरतेचे प्रमाण १८.३३ टक्के होते. स्त्रियांत तर ते ८.८६ टक्के. शाळा गावोगाव निघू लागल्या, मे १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. आणि घराघरात एक छोटी वस्तू पोचली. तिचे नाव प्रगतिपुस्तक.

प्रगतिपुस्तकाने दोन-तीन पिढ्यांच्या मनावर राज्य केले. आखलेले रकाने, विषयाचे नाव, पैकी गुण, मिळालेले गुण, हजर दिवस. नापासाखाली लाल रेघ. शेवटी शेरा: 'अभ्यासाकडे लक्ष द्यावे', 'सुधारणेस वाव आहे', 'ठीक'. आणि सगळ्यात खाली 'पालकाची सही'. ज्यांना सही येत नव्हती, त्यांनी अंगठा उठवला. काही चलाख मुलांनी वडिलांना त्रास नको म्हणून सही स्वतःच केली, तो इतिहास निराळा!

आता या पुस्तकाकडे जरा थंड डोक्याने पाहू. 'गणित ३५' एवढे कळल्यावर आईला काय कळले? मुलाला बेरीज येते पण हातच्याची वजाबाकी जमत नाही, हे नाही कळले. त्याला उत्तर येते पण उदाहरण वाचताना तो अडखळतो, हे नाही कळले. यंदा वर्गात काय काय झाले, हे तर नाहीच नाही. आकडा निवाडा सांगतो, हकीकत सांगत नाही. आणि ज्या आईने अंगठा उठवला तिला आकडाही दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. बहुतेक वेळा त्या मुलाकडूनच! परवचा ऐकणाऱ्या निरक्षर आजीला जेवढे कळत होते, तेवढेही प्रगतिपुस्तकावर अंगठा देणाऱ्या आईला कळेनासे झाले. "आम्ही अडाणी माणसं, आम्हाला काय कळतंय, गुरुजी? तुम्हीच काय ते बघा," हे वाक्य खेड्यापाड्यातल्या शिक्षकांनी हजारदा ऐकले असेल. त्यात विश्वास आहे तशी शरणागतीही आहे. ते वाक्य अडाणीपणातून आलेले नाही. शाळेने हकीकत कागदावर चढवली आणि कागद वाचता न येणाऱ्याला दाराबाहेर ठेवले, त्याचा तो परिणाम आहे.

याची जाण असलेले लोकही होतेच. सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम हे त्याचे मोठे उदाहरण. दिवसा मुलांना शिकवणाऱ्या प्राथमिक शिक्षकांनी रात्री कंदिलाच्या उजेडात त्याच मुलांच्या आईबापांना अक्षरे शिकवली. मोहीम पुढे राज्यभर गेली. किती जण कायमचे साक्षर राहिले यावर वाद घालता येईल. पण मुलाची पाटी आणि बापाची पाटी एकाच घरात शेजारी शेजारी आली, तेव्हा शाळेत काय चालते हे त्या बापाला निराळे सांगावे लागले नसेल.

"मग शिकवता केव्हा?"

इथे थोडे मागे जाऊ, कारण ज्यांनी या प्रश्नाचा सगळ्यात खोल विचार केला त्यांचे काम स्वातंत्र्याआधीच सुरू झाले होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले. गिजुभाई मूळचे वकील. मुलाला मारू नये, त्याला खेळू द्यावे, गोष्टी सांगाव्यात, हाताने काम करू द्यावे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकात एक काल्पनिक शिक्षक चौथीच्या वर्गावर असेच प्रयोग करतो. गोष्टी आणि खेळ सुरू होताच त्याला ऐकावे लागते, ते हेच: हे सगळे ठीक, पण शिकवता केव्हा?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. जुनी पद्धत घराला समजावून सांगावी लागत नाही, कारण आईबाप स्वतः तिच्यातूनच गेलेले असतात. घोकंपट्टी ऐकू आली की त्यांना वाटते, अभ्यास चालला आहे. नवी पद्धत मात्र दिसायला खेळासारखी दिसते. मुले चिंचोके मोजत असतात आणि आईला वाटते, पोरे चिंचोके खेळताहेत. त्या चिंचोक्यांतून दशक-एकक कसे येते, हे सांगितले नाही, तर घर शाळेच्या विरुद्ध काम करू लागते. शाळा म्हणते समजून घे, घर म्हणते पाठ कर, आणि मधे मूल भरडले जाते. म्हणून गिजुभाईंनी जितके मुलांसाठी लिहिले, तितक्याच तळमळीने पालकांसाठी लिहिले. आईबाप होणे अवघड आहे, अशा अर्थाच्या नावाचे एक पुस्तकच त्यांनी लिहिले.

भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी हे व्रत महाराष्ट्रात आणले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला होता. १९३३ पासून 'शिक्षणपत्रिका' मराठीतून निघू लागली. तिच्यात शिक्षकांइतकेच पालकांशी बोलणे असे. दादरला १९३६ मध्ये शिशुविहार सुरू झाले. पण हे सारे वाचणाऱ्या पालकांसाठी होते. न वाचणाऱ्यांचे काय?

अंगणात आलेली बालवाडी

त्याचे उत्तर ताराबाईंना बोर्डीत सापडले. १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. आईबाप पहाटे मजुरीला जात, धाकटी भावंडे सांभाळायला मोठी मुले घरी. तेव्हा ताराबाईंनी विचार उलटा केला. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडी मुलाकडे जाईल. सामान उचलून त्या वस्तीतल्या अंगणात गेल्या. तिथेच मुलांना आंघोळ, तिथेच गाणी, तिथेच गोष्टी. महागडी साधने सोडून शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने केली. त्या अंगणावरून 'अंगणवाडी' हा शब्द आला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला.

अंगणवाडीचे श्रेय देताना आपण सहसा म्हणतो, शिक्षण गरिबाच्या दारी गेले. ते खरेच. पण दाराशी गेल्यामुळे आणखी एक गोष्ट आपोआप घडली. मुले काय करतात, ते आयांना दिसू लागले. भाकरी थापता थापता गाणे कानावर पडू लागले. उद्या शिंपले लागणार म्हटल्यावर ते कशाला लागतात, हे वस्तीला कळू लागले. कुठे सूचना लावावी लागली नाही, सभा बोलवावी लागली नाही. पंतोजींच्या ओसरीने जे तिच्या मोजक्या घरांना दिले होते, ते या अंगणाने ओसरीबाहेर ठेवलेल्या घरांना दिले.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. तिथली मुले दिवसभर गुरे राखत. तेव्हा शिक्षक गुरांमागे कुरणात गेले आणि कुरणशाळा जन्मली. शाळेने घराच्या कामाचा मान राखला, तेव्हाच घराने शाळेचा मान राखला.

याच मार्गाने पुढे इतरही गेले. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने प्रकल्पांतून शिकणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला दाखवले. 'प्रकल्प' हा शब्द पुढे सगळ्याच शाळांत शिरला, पण त्याची वाट लागायला वेळ लागला नाही. रविवारी रात्री नऊ वाजता मूल सांगते, उद्या प्रकल्प न्यायचा आहे. मग वडील दुकान शोधत फिरतात, आई पुठ्ठा कापते, मामा चित्रे छापून आणतो, आणि मूल झोपी जाते. सोमवारी प्रकल्पाला 'उत्कृष्ट' शेरा मिळतो. मिळतो तो आईला! प्रकल्प कशासाठी, त्यातले मुलाने काय करायचे आणि मोठ्यांनी कुठे थांबायचे, हे घराला आधी सांगितले नाही की असेच होणार.

कायद्याचे कलम

शहाण्या माणसांनी जे आपखुशीने केले, ते शेवटी कायद्यात आले. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातले २४ वे कलम शिक्षकांच्या कर्तव्यांचे आहे. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती आणि इतर माहिती त्यांना देणे, हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून तिथे लिहिले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही हा कायदा सांगतो. दंडाच्या नोटिशीपासून इथवर यायला आपल्याला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. गुणांच्या जोडीला शिक्षकांनी प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद लिहावी, असे ठरले. कल्पना उत्तम होती. आकड्याच्या जागी हकीकत येणार होती. पण लवकरच तयार नोंदींची पुस्तके बाजारात आली. 'सांगितलेले काम आवडीने करतो', 'खेळात रमतो', 'कविता तालासुरात म्हणतो'. चाळीस मुलांना आलटून पालटून हीच वाक्ये. यात सगळा दोष शिक्षकांचा नाही. ज्यांच्या मागे माहितीच्या तक्त्यांचा ससेमिरा आहे, ते चाळीस हकीकती लिहिणार केव्हा? दिपोटीच्या काळातली सवय अजून सुटलेली नाही. नोंद घरासाठी आहे, पण ती लिहिताना लक्ष तपासणीकडेच असते.

याउलट एक साधी गोष्ट पाहा. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी ग्रामीण भारतात होऊ लागली. ती शाळेत नाही, घरी होते. मुलापुढे एक कागद ठेवतात: अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. मूल जिथवर वाचेल तिथवर. हे सारे घरच्यांच्या समोर चालते. आईला वाचता येत नसले, तरी आपले मूल शब्दापाशी अडले की गोष्टीपर्यंत गेले, हे ती ऐकू शकते. परवच्याचेच हे नवे रूप.

घरांच्या भिंतींवरचे धडे

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग एकदम घरात आला. ज्यांच्याकडे स्मार्टफोन होता त्या घरांनी प्रथमच शिक्षकांचा आवाज ऐकला, धडा पाहिला. भाताची पिशवी निवडत आई भागाकार ऐकत होती. अनेकांना शिक्षकाचे काम किती कठीण आहे, हेही तेव्हाच कळले! पण ज्या घरी फोन नव्हता, किंवा एकच होता आणि तो कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात होता, ती घरे पुन्हा दाराबाहेर राहिली.

तेव्हा सोलापूरच्या नीलमनगर या कामगार वस्तीत शिक्षकांनी एक वेगळी वाट काढली. त्यांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. आकडे, आकृत्या, व्याकरण, विज्ञान. जाता-येता मुले वाचू लागली, आणि मुलांबरोबर मोठी माणसेही. आपल्या शाळांत 'बोलक्या भिंती' पूर्वीपासून आहेत, पण त्या शाळेच्या आत बोलतात. नीलमनगरात त्या वस्तीत बोलू लागल्या. धडा घराच्या भिंतीवर आला, तेव्हा तो जणू घराचा झाला.

शाळा उघडल्यावर व्हॉट्सॲपचे गट मात्र मागे राहिले. आज वर्गाची माहिती घराला पाठवणे इतके सोपे कधीच नव्हते. फोटो येतात, सूचना येतात, गृहपाठ येतो. पण या गटांवर काय येते, ते जरा पाहा. 'उद्या गणवेशात यावे', 'शुल्क भरावे', 'ओळखपत्र आणावे'. निरोप भरपूर, हकीकत थोडी. नोटिशीचे रूप बदलले, जात तीच राहिली.

ऐकू यावे, दिसावे

या दोनशे वर्षांतून मला तरी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जिथे जिथे शाळेने पालकांना मुलाचे काम ऐकवले किंवा दाखवले, तिथे घर तिच्या बाजूला आले. ओसरीवर, जाहीर परीक्षेत, बोर्डीच्या अंगणात, सोलापूरच्या भिंतीवर हेच घडले. जिथे नुसता निवाडा पाठवला, दंड असो, गुण असो की तयार शेरा, तिथे घर गप्प बसले. आणि सगळ्यात आधी गप्प बसले ते, ज्यांना बोलते करण्याची गरज सर्वांत जास्त होती.

यासाठी फार पैसा लागत नाही. महिन्यातून एकदा, मजुरीहून लोक परत येतात त्या वेळी, वर्गात तासभर पालकांना बसू द्यावे आणि मुलांनीच सांगावे: या महिन्यात आम्ही हे शिकलो. एकाने गोष्ट वाचावी, एकीने हातच्याची वजाबाकी फळ्यावर करून दाखवावी, एकाने करवंटीतला मूग किती दिवसांत किती वाढला ते सांगावे. प्रकल्प सुरू होण्याआधी घराला दोन वाक्ये सांगावीत. भाषा घरची असावी; वारली, भिली, अहिराणी, कोकणी, जी असेल ती. आणि जे मूल मागे आहे, त्याला आज काय येते ते आधी सांगावे, काय येत नाही ते नंतर.

घरानेही थोडे करायला हवे. "आज काय शिकवलं?" हा प्रश्न मुलाला फार मोठा पडतो. त्याऐवजी "आज शिकलेलं काही मला म्हणून दाखव" किंवा "करून दाखव" असे म्हणून पाहावे. त्याला उत्तर 'काही नाही' असे येत नाही. आपल्या पणजीने दिवेलागणीला नेमके हेच विचारले होते, आणि त्यासाठी तिला कुठल्याही पुस्तकावर सही करावी लागली नव्हती.